फॉय बंदराची मेरी ब्रॉड

अंदमानच्या काळ्या पाण्याची कथा मराठी वाचकाला परिचित आहे. परंतु १८५८ साली ती वसाहत कायमची वसवली गेली, त्याच्या कितीतरी आधीपासून इंग्लंडचे सरकार हीच सजा स्वतःच्या दरिद्री प्रजेला देत आले होते, आणि त्या सजेचे खरे स्वरूप ज्यांच्या आयुष्यातून उमगते त्यांत कॉर्नवॉल परगण्यातील मेरी ब्रॉड हिचे नाव मला अग्रभागी ठेवावेसे वाटते.

मेरी दर्यावर्दी कुळातली. १७८६ च्या मार्च महिन्यात, वीस वर्षांची असताना, दोन साथीदारणींसह एका स्त्रीला भर रस्त्यात गाठून तिची रेशमी टोपी व इतर चीजवस्तू लुटल्याच्या आरोपावरून ती एक्झिटरच्या न्यायासनापुढे उभी राहिली. माल साऱ्या अकरा पौंडांच्या आसपासचा. पण त्या काळच्या इंग्रजी कायद्यात सुमारे दोनशे अपराधांना देहान्तशासन होते, तेव्हा फाशीचा हुकूम झाला आणि नंतर तो सात वर्षांच्या हद्दपारीवर आणण्यात आला. अमेरिकेतील वसाहती हातच्या गेल्याने कैदी धाडण्यास ठिकाण उरले नव्हते, व जीर्ण गलबतांचे तुरुंग करून त्यांत माणसे कोंबली जात होती. अशाच एका गलबतावर दिवस कंठल्यावर, मे १७८७ मध्ये निघालेल्या अकरा जहाजांच्या पहिल्या काफिल्यातून, ‘शार्लट’ जहाजावर मेरीची ऑस्ट्रेलियाकडे रवानगी झाली. वाटेत तिला कन्या झाली. तिला जहाजाचेच नाव मिळाले.

सिडनीच्या किनाऱ्यावर उतरल्यावर थोड्याच दिवसांत विल्यम ब्रायंट या कॉर्नवॉलच्याच मच्छीमार कैद्याशी तिने विवाह केला. वसाहतीच्या मासेमारीच्या होड्या त्याच्या हवाली होत्या. काही मासे परभारे विकल्याबद्दल त्याला फटक्यांची शिक्षा झाली. अन्नाचा तुटवडा तर असा पडला की शिधा पुनःपुन्हा घटवावा लागला, आणि मुदत भरली तरी कैद्याच्या परतीची तजवीज सरकारकडून मुळीच नव्हती. सात वर्षांची सजा व्यवहारात जन्मठेपच ठरत असे, हे या लोकांनी ओळखले असले पाहिजे.

एका डच कप्तानाकडून होकायंत्र आणि नकाशा मिळवून, २८ मार्च १७९१ च्या रात्री ब्रायंट दांपत्य, तीन वर्षांची शार्लट, वर्षाचाही न झालेला इमॅन्युएल आणि सात कैदी असे अकरा जीव गव्हर्नरच्या उघड्या होडीतून निघाले. वादळे, पाण्याची टंचाई, किनाऱ्यावरील मूळ रहिवाशांशी झालेल्या झटापटी, सतत आत येणारे पाणी रात्रंदिवस उपसणे, हे सारे सोसत एकोणसत्तर दिवसांत तीन हजार मैलांहून अधिक अंतर कापून ते तिमोर बेटावरील डचांच्या कुपांग ठाण्यात पोचले. त्यांतील जेम्स मार्टिन याने लिहून ठेवलेली हकिकत आजही लंडनमध्ये तत्त्ववेत्ता बेंथम याच्या कागदपत्रांत जतन आहे. माझ्या मते या प्रवासातील सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की अकराच्या अकरा माणसे जिवंत उतरली. समुद्राने एकही बळी घेतला नाही.

बळी घेतले ते कैदेने. आपण फुटलेल्या जहाजावरील उतारू आहोत ही त्यांची बतावणी अखेर उघडकीस आली, आणि कॅप्टन एडवर्ड्‌स या आरमारी अंमलदाराने त्यांना ताब्यात घेतले. बटाव्हियात डिसेंबर १७९१ मध्ये इमॅन्युएल आणि त्यापाठोपाठ विल्यम मरण पावला. पुढील प्रवासात आणखी तिघे पुरुष गेले. आणि मे १७९२ मध्ये, ‘गॉर्गन’ जहाजावर, इंग्लंड जवळ येत असता शार्लटही गेली. त्या दोन मुलांवर कोणत्याही न्यायाधीशाने शिक्षा फर्मावली नव्हती, ही गोष्ट सांगताना मन विदीर्ण होते.

लंडनच्या न्यायालयाने मेरीला व उरलेल्या चौघांना पुन्हा फाशी न देता पूर्वीच्याच सजेखाली न्यूगेटच्या तुरुंगात ठेवले. डॉक्टर जॉन्सनचा चरित्रकार जेम्स बॉझवेल व्यवसायाने वकील होता. त्याने गृहखात्याकडे चिकाटीने रदबदली केली, आणि मे १७९३ मध्ये मेरीला बिनशर्त माफी मिळाली. शिक्षा झाल्या दिवसापासून मोजले, तर सात वर्षांची मुदत तोपर्यंत भरूनही गेली होती. सरकारने माफ केले असे काहीच उरले नव्हते. बॉझवेल मात्र तेवढ्यावर थांबला नाही. त्याने स्वतःच्या मिळकतीतून मेरीला सालिना दहा पौंडांची नेमणूक करून दिली, तिला फॉयला आप्तांकडे पोचते केले, आणि चौघा पुरुषांचा पाठपुरावा चालू ठेवून त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांचीही सुटका घडवून आणली.