डबल स्टँडवरची सायकल

रविवारची सकाळ. हॉलमधून घर्रर्र असा आवाज येतोय आणि बाबा घामाघूम होऊन सायकल मारताहेत. सायकल मात्र टीव्हीसमोरून एक इंचही हललेली नाही.

तर झालं असं की, मागच्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज अर्धा तास व्यायाम करा. दम लागला पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे. आता ज्या माणसानं अठ्ठावीस वर्षं गुलमंडी ते चिकलठाणा एमआयडीसी सायकलनं नोकरी केली, त्याला व्यायाम म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? गडी निघाला जालना रोडला. दहा मिनिटांत परत. एक ट्रक अगदी खेटून गेला होता. चेहरा पांढरा पडलेला. आईनं त्याच दिवशी सायकलची किल्ली लपवली.

म्हणून मी ट्रेनर आणला. लोखंडी तिकाटणं असतं, त्यात मागचं चाक उचलून अडकवायचं, चाक एका रोलरवर टेकतं आणि पेडल मारायचं. बाबांची जुनी अ‍ॅटलस काही त्यात बसेना, मग माझी गिअरची सायकल लावली. बाबांनी एकदा चारी बाजूंनी बघून घेतलं आणि म्हणाले, "जी कुठं जातच नाही तिला सायकल कशाला म्हणायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. मग दोन वीकेंड वाचण्यात गेले. :)

मंडळी, पहिली गंमत म्हणजे जागेवरची 'सायकल' ही खऱ्या सायकलीपेक्षा म्हातारी आहे! जर्मनीत कार्ल ड्राइसनं दोन चाकांची लाकडी गाडी काढली १८१७ मध्ये. तिला पेडल नव्हतं, पायांनी जमीन ढकलत जायचं. पेडल आलं १८६० च्या दशकात. पण लंडनच्या फ्रान्सिस लाउंड्सनं 'जिम्नॅस्टिकॉन' नावाच्या यंत्राचं पेटंट घेतलं ते १७९६ साली. हातांनी आणि पायांनी फिरवायचं, आखडलेल्या सांध्यांना व्यायाम द्यायचा. म्हणजे हे यंत्र जन्मलं तेच मुळी आजाऱ्यांसाठी. बाबांना हे सांगितलं तर त्यांना फार आनंद झाला नाही.

दुसरी शाखा मात्र तुरुंगातली. १८१८ मध्ये विल्यम क्युबिट या इंग्रज इंजिनिअरनं कैद्यांसाठी पायचक्की काढली. मोठं चाक, त्यावर पायऱ्या, आणि कैदी तासन्‌तास जागच्या जागी चढतोय. आज जिममध्ये 'ट्रेडमिल' म्हणून ज्याचे पैसे भरतो ते नाव तिथून आलंय. तेव्हा बाबांना ही शिक्षा वाटते यात त्यांची अगदीच चूक नाही.

पण चाक फिरवणं हा अवघड भाग नव्हताच. आठवतंय का, लहानपणी सायकल डबल स्टँडवर लावून आपण सुसाट पेडल मारायचो? चाक गरगर फिरायचं, आपण मनात मुंबईला पोचायचो आणि घाम मात्र यायचा नाही. कारण चाकाला ओझंच नाही. मग कुणीतरी हुशार पोरगं मागचा ब्रेक अर्धवट दाबून धरायचं, की पाय भरून आलेच! घरातल्या सायकलीचा सगळा इतिहास हा खरं तर त्या अर्धवट दाबलेल्या ब्रेकचा इतिहास आहे.

१९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिकच्या जिममध्येही जागेवरच्या सायकली होत्या, पण ती श्रीमंतांची करमणूक. खरं काम झालं प्रयोगशाळेत. कोपनहेगनच्या ऑगस्ट क्रोगनं १९१३ मध्ये विद्युत-चुंबकाचा ब्रेक असलेली सायकल बनवली. (पुढे १९२० मध्ये त्यांना नोबेल मिळालं, ते केशवाहिन्यांवरच्या कामासाठी.) धातूची चकती चुंबकाजवळ फिरली की तिच्यात भोवरा-प्रवाह तयार होतात आणि ते तिच्या गतीला विरोध करतात. फर्स्ट इयरच्या फिजिक्सला हे घोकलं होतं, कशासाठी ते आता कळलं. आमच्या हॉलमधल्या ट्रेनरमध्ये हेच तत्त्व आहे. फक्त चुंबक कायमचे आहेत आणि हँडलवरच्या खटक्यानं त्यांची जागा बदलते.

मग १९५४ च्या सुमारास स्वीडनमध्ये फॉन डोबेलन यांनी चुंबकही काढून टाकला. जड चाकाभोवती नुसता पट्टा, आणि तो किती ओढलाय ते दाखवणारा काटा. डबल स्टँडवरचा ब्रेकच, फक्त मोजता येणारा! हिशोब बघा: पेडलच्या एका फेऱ्यात चाकाची कड ६ मीटर पळते. मिनिटाला ५० फेरे म्हणजे ३०० मीटर. पट्ट्याचा ओढा २ किलो असेल तर काम होतं जवळपास १०० वॅटचं. आता डॉक्टर 'थोडा व्यायाम करा' असं मोघम न सांगता नेमका डोस देऊ शकत होते. पेर-ओलोफ ऑस्ट्रँड यांनी अशाच सायकलवर नाडी मोजून माणसाची दमाची ताकद काढायची पद्धत बसवली. १९६८ मध्ये अमेरिकेत डॉ. केनेथ कूपर यांचं 'एरोबिक्स' आलं आणि हे सगळं घराघरात शिरलं.

आपल्याकडे काय होतं? औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळाशाळांत सूर्यनमस्कार नेले, १९३८ मध्ये लंडनमधून त्यावर इंग्रजी पुस्तकही काढलं. सतरंजीएवढ्या जागेत दम लागेपर्यंत व्यायाम! कुठेही न जाता घाम गाळणं आपल्याला नवीन नाही. नवीन आहे ते मोजणं.

आणि मोजता आलं की शर्यतही होते. करोनामुळे २०२० ची 'रेस अक्रॉस अमेरिका' रद्द झाली, तेव्हा ती ट्रेनरवर, आपापल्या घरी झाली. आपल्या लष्करातले लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू यांनी सुमारे १२ दिवसांत ती पूर्ण केली आणि तिसरे आले. चार हजार किलोमीटर, खोलीतून बाहेर न पडता!

एक धोक्याची सूचना. शरीर जितकी ताकद पेडलला देतं त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता बाहेर टाकतं. रस्त्यावर वारा ती नेतो, हॉलमध्ये नाही. मराठवाड्याच्या मे महिन्यात पंख्याशिवाय हा उद्योग करू नये. गंमत म्हणजे बाबांचे वॅट साधारण एका पंख्यापुरतेच. म्हणजे बाबा स्वतःला वारा घालण्याएवढीच वीज बनवू शकतील!

हे सगळं मी त्यांना रात्री जेवताना सांगितलं. ते म्हणाले, "पाणचक्कीचं चाकपण जागेवरच फिरायचं, पण त्यातनं पीठ निघायचं. यातनं काय निघतंय?" आई पोळी वाढता वाढता थांबली. म्हणाली, "तुम्ही."

पुढं कुणी काही बोललं नाही. असो.

आज सकाळी मी न सांगता ट्रेनर चालू झाला होता. अर्ध्या तासानं आवाज थांबला. टॉवेलनं मान पुसत बाबांनी मीटर बघितला आणि म्हणाले, "आठ किलोमीटर. म्हणजे कंपनीच्या गेटपाशी आलोय."