टोपीखालचा बाण

एक्सेलच्या रकान्यात =२^३ टाइप केलं की ८ येतात. युनिक्सवरच्या ‘बीसी’ या आटोपशीर आकडेमोडीच्या भाषेतही तसंच. वहीत आपण घाताचा आकडा बारीक करून वर चढवतो. टाइप करताना मात्र मध्ये ही टोपी येते. ती आली कुठून?

सहज सुचणारं उत्तर मुद्रितशोधकांकडे बोट दाखवतं. सुटलेला शब्द आत घ्यायचा तर ते असंच टोक काढतात. आपल्या पोथ्यांतलं काकपदही त्याच कामाचं. घात ‘वर’ जायचा, म्हणून तीच खूण उचलली असणार! ऐकायला झकास, पण मला मुळीच पटत नाही. कारण टोपीच्या आधी त्या जागेवर दुसरंच चिन्ह बसलेलं होतं.

१९६३ची आस्की संकेतावली उघडा. ९४ क्रमांकावर टोपी नाहीच, वर जाणारा बाण आहे: ↑. शेजारी ९५ वर डावीकडे जाणारा ←. अल्गोल ६० मध्ये घातासाठी उभा बाणच होता. १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ यांची बेसिक भाषा टेलिटाइपवर चालू लागली, तिथेही घाताला तोच. फोरट्रानवाल्यांच्या कार्ड पंचिंग यंत्रावर बाण नव्हता. त्यांनी दोन फुल्यांवर भागवलं. त्या फुल्या पायथनपर्यंत पोचल्या.

१९६७च्या आस्कीत दोन्ही बाण गेले. ९४ वर फ्रेंच स्वरांच्या डोक्यावरची टोपी आली, ९५ वर अंडरस्कोअर. क्रमांक तेच, चेहरे नवे. जुना बेसिक प्रोग्राम नव्या यंत्रावर छापला की ↑ च्या जागी ^ उमटणार आणि उत्तर तेच येणार. घाताला टोपी कुणी मुद्दाम निवडून दिली असं मला वाटतच नाही. ती बाणाच्या जागेबरोबर आली.

खरा पुरावा शेजाऱ्याचा. बेल लॅब्समध्ये १९७६च्या सुमारास जन्मलेल्या ‘एस’ या संख्याशास्त्राच्या भाषेत चलाला किंमत देण्यासाठी अंडरस्कोअर चालत असे! तिच्या वंशातल्या ‘आर’ने ही रीत २००३ मध्ये बंद केली. खाली मारलेल्या रेघेचा किंमत देण्याशी काय संबंध? त्या जागी ← होता, एवढं लक्षात घेतलं की कोडं सुटतं. काकपदवाल्यांनी या रेघेचा खुलासा करून दाखवावा. १९८२च्या कमोडोर ६४च्या कळांवर तर दोन्ही बाण तसेच होते, आणि घातासाठी ↑ च दाबायचा.

आक्षेप एकच जड आहे: ‘सी’ भाषेत ^ म्हणजे घात नव्हे, बिटांवरची ‘एक्सॉर’ क्रिया. पण ‘सी’त घाताचं चिन्हच नाही, आणि ती आस्कीतले बाण गेल्यानंतरची. मोकळं चिन्ह दिसलं, कामाला लावलं, असा माझा तर्क. त्याच बेल लॅब्समधल्या ‘बीसी’ने मात्र ^ घातालाच ठेवलं.

चिन्ह वारशात आलं, नियम आले नाहीत. -२^२ चं उत्तर एक्सेल आणि बीसी दोघेही ४ देतात. पायथनला फुल्या लावून विचारलं तर -४. आणि २^३^२ ला एक्सेल डावीकडून सुरुवात करून ६४ म्हणतो, बीसी उजवीकडून ५१२.