सदनिका-संस्था व सामाईक खर्च

एकाच इमारतीतील सदनिकाधारकांनी जमीन, जिने, गच्ची, पाण्याच्या टाक्या इ. सामाईक गोष्टींच्या व्यवस्थेसाठी स्थापन केलेली संस्था व तीसाठी त्यांनी दरमहा द्यावयाचे शुल्क. हा खर्च कोणी व कोणत्या प्रमाणात सोसावयाचा, हा या संस्थांच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

१९१२ च्या सहकारी संस्था अधिनियमामुळे पतपुरवठ्याखेरीज अन्य कार्यांसाठीही सहकारी संस्था नोंदविता येऊ लागल्या. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये मुंबईतील गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तीत जमीन व इमारती संस्थेच्या मालकीच्या असून सभासद हा तिचा भागधारक व भाडेकरूही असे. साहजिकच घरमालक व भाडेकरू यांतील हितविरोध तेथे उरला नाही.

मुंबई इलाख्यातील १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. त्यामुळे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीकडे मालकांचे दुर्लक्ष होऊ लागले, तसेच भाड्याची नवी घरे बांधणे किफायतशीर राहिले नाही आणि मालकी हक्काच्या सदनिकांची विक्री वाढली. या व्यवहारांतील गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी महाराष्ट्रात १९६३ चा मालकी सदनिका अधिनियम करण्यात आला. १९७० च्या अपार्टमेंट मालकी अधिनियमाने सहकारी संस्थेहून निराळा पर्याय उपलब्ध करून दिला.

या दोन पद्धतींतील भेद खर्चाच्या वाटणीत स्पष्ट दिसतो. सहकारी संस्थेत एका सभासदास एक मत असते. आदर्श उपविधींनुसार पहारेकरी, सफाई, कार्यालय इत्यादींचे सेवाशुल्क सर्व सदनिकांवर सारखे विभागले जाते. उद्वाहकाचा खर्चही, त्याचा वापर कोण किती करतो हे न पाहता, सारखाच आकारतात. पाणीपट्टी मात्र नळांच्या संख्येवर ठरते. दुरुस्ती निधीसाठी सदनिकेच्या बांधकामखर्चाच्या प्रतिवर्षी किमान ०.७५ टक्के व भावी पुनर्बांधणी, मोठी दुरुस्ती इत्यादींसाठी राखावयाच्या ‘सिंकिंग फंडा’त किमान ०.२५ टक्के रक्कम घेतली जाते. याउलट, १९७० च्या अधिनियमानुसार खर्चाची वाटणी घोषणापत्रात नमूद केलेल्या अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात होते. मताधिकारही त्याच प्रमाणात असतो. पहिल्या पद्धतीचा पाया सभासदांची समानता हा, तर दुसरीचा मालमत्तेचे मूल्य हा आहे.

दोन्ही पद्धतींत एकाने थकविलेल्या रकमेचा भार अखेर इतरांवर पडतो. म्हणून सहकारी संस्थेची थकबाकी जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद आहे. २०१९ मध्ये सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण समाविष्ट करण्यात आले. तथापि केवळ कायद्याने इमारत टिकत नाही. मासिक शुल्क कमी ठेवण्याच्या मोहाने निधी साठविला नाही, तर पूर्वी घरमालकामुळे होणारी इमारतीची हेळसांड सदनिकाधारकांच्याच हातून होते व तिची झळ पुढील पिढीतील रहिवाशांना सोसावी लागते.