मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, वेळ किती आणि तिकिटावरचा '+१' म्हणजे काय?

न्यूयॉर्कहून येणाऱ्या मावशीला आणायला मी एकदा चक्क एक दिवस आधी मुंबई विमानतळावर जाऊन उभा राहिलो. तिकिटाचा स्क्रीनशॉट फोनमध्येच होता, पण उतरण्याच्या वेळेशेजारचा '+१' मी पाहिलाच नव्हता. फोन केला तर तिकडे रात्रीचे दोन वाजलेले आणि मावशी गाढ झोपेत!

तुमचा असा घोळ होऊ नये म्हणून अंतर, प्रवासाचा वेळ आणि घड्याळातला फरक या तीन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्या.

१. अंतर
मुंबई ते न्यूयॉर्क थेट हवाई अंतर साधारण १२,५०० किमी आहे. सपाट नकाशावर पट्टीने सरळ रेघ ओढली, तर तोच रस्ता सुमारे १४,२०० किमी भरतो. पृथ्वी गोल असल्यामुळे हा फरक पडतो. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा, तो उत्तरेकडे नॉर्वे-आइसलँडच्या बाजूने जातो. या सर्वात जवळच्या मार्गाला 'ग्रेट सर्कल' म्हणतात. प्रत्यक्षात वारा आणि बंद असलेल्या हवाई हद्दी बघून विमानाचा मार्ग थोडाफार बदलतो.

२. प्रवासाचा वेळ
ताशी ९०० किमी वेग धरला तर १२,५०० ÷ ९०० = साधारण १४ तास. पण थेट विमानाला जाताना सुमारे १६ तास लागतात आणि येताना साधारण साडेचौदा. कारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे 'जेट स्ट्रीम' नावाचे जोरदार वारे वाहतात. जाताना ते समोरून अडवतात, येताना मागून ढकलतात.

३. घड्याळ
न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ तास. तिथे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात, आपल्याकडे तशी पद्धत नाही.

आता हिशोब करू
जाताना: १० जानेवारीला रात्री १:३० ला मुंबईहून निघालात. १६ तास मिळवा, संध्याकाळचे ५:३०. साडेदहा तास वजा करा. न्यूयॉर्कला उतरताना १० जानेवारीचेच सकाळचे ७ वाजलेले असतील.

येताना: १० जानेवारीला सकाळी ११:३० ला निघालात. साडेचौदा तास मिळवा, रात्रीचे २. त्यात साडेदहा तास मिळवा. मुंबईत ११ जानेवारीचे दुपारचे १२:३०. तारीख पुढे सरकली, हाच तो '+१'.

लक्षात ठेवा, तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या घड्याळानुसार असतात. त्यांची नुसती वजाबाकी करून प्रवासाचे तास काढू नका. आणि कोणाला आणायला जाणार असाल, तर वेळेआधी तारीख बघा!