टँकर उलटलाय? जवळ जाऊ नका, आधी कॅमेरा झूम करा!

बीडहून सोलापूरला जाताना मी मांजरसुंब्याला चहाला थांबतो. धुळे-सोलापूर हायवेवर पेट्रोल, डिझेल आणि इथेनॉलचे टँकर सारखे दिसतात. एकदा समोरच्या टँकरचा फोटो सहज झूम केला, तर मागच्या पाटीवर चार आकडे दिसले: ११७०. हा नंबर म्हणजे इथेनॉल! अपघात झाला तर अशी छोटीशी माहिती जीव वाचवू शकते. कशी, ते पाहूया.

पाटीवर काय असतं?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार धोकादायक माल नेणाऱ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना आणि मागे माहितीची पाटी लावावीच लागते. तिच्यावर मालाचं नाव, चार आकडी यूएन नंबर, धोक्याचं चिन्ह आणि इमर्जन्सी फोन नंबर असतो. लाल चौकोनात ज्वाळा आणि खाली ३ असेल, तर आत ज्वलनशील द्रव आहे.

- १२०३: पेट्रोल
- १२०२: डिझेल
- ११७०: इथेनॉल
- १२३०: मिथेनॉल

नंबर सांगून काय फरक पडतो?

पेट्रोलच्या आगीवर साधा फोम चालतो. इथेनॉल आणि मिथेनॉल मात्र त्या फोममधलं पाणी ओढून घेतात आणि त्याचा थर मोडतो. त्यांना अल्कोहोलमध्ये टिकणारा वेगळा फोम लागतो. त्यात मिथेनॉलची ज्वाला भर उन्हात जवळजवळ दिसतच नाही. म्हणून अग्निशमन दलाला हे निघतानाच कळलेलं बरं.

आग नाही, म्हणजे धोका नाही?

इथेच लोक फसतात. जळतं ते द्रव नाही, त्याची वाफ. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही तयार होते, हवेपेक्षा जड असते आणि नाल्यात, खड्ड्यात साचते. एक बिडी किंवा गाडीचा स्टार्टर पुरतो. २५ जून २०१७ ला पाकिस्तानात बहावलपूरजवळ उलटलेल्या टँकरमधलं पेट्रोल भरायला लोक कॅन घेऊन धावले. भडका उडाला आणि २०० हून जास्त माणसं गेली.

द्रव उताराकडे पळतो, हेही विसरू नका. १३ जून २०२३ ला मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर खंडाळ्याजवळ रसायनाचा टँकर पेटला. जळतं रसायन पुलाखालच्या रस्त्यावर पडलं. या दुर्घटनेत चौघांचा मृत्यू झाला.

मग करायचं काय?

१. वारा टँकरकडून तुमच्याकडे येत असेल तर बाजू बदला आणि चढावर राहा. गळती असेल तर सगळ्या बाजूंनी किमान ५० मीटर लांब. गळती मोठी असेल, तर वारा ज्या दिशेला जातोय तिकडची माणसं ३०० मीटरपर्यंत हलवावी लागतात. टँकर पेटला असेल, तर चहूबाजूंनी ८०० मीटर.

२. लांबूनच झूम करून नंबर वाचा. दिसला नाही तर राहू द्या, पुढे जाऊ नका.

३. ११२ ला फोन करा. अग्निशमनसाठी १०१, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ सुद्धा आहे. रस्ता, दिशा, जवळचा किलोमीटरचा दगड, यूएन नंबर, आग आहे का आणि कोणी अडकलंय का, एवढं सांगा.

४. गुगल मॅप्समध्ये निळ्या ठिपक्यावर टॅप करून लोकेशन मिळवा, मागितलं तर पाठवा.

५. येणाऱ्या गाड्यांना लांबूनच थांबवा, इंजिन बंद करायला सांगा. बिडी-सिगारेट नाही, कॅन-बादली नाही.

मोबाइलच्या लहरींनी पेट्रोल पेटतं म्हणतात, पण पंपावरच्या अशा बऱ्याच आगींमागे स्थिर वीज निघाली. तरी वाफेत उभं राहून फोन वापरू नकाच. व्हिडिओसाठी पुढे गेलेला माणूस तिथेच तर उभा असतो!

आज रस्त्यात टँकर दिसला, की पाटी वाचून बघा. सवय आत्ताच लागली, तर त्या दिवशी गडबड होणार नाही.