निद्रा, स्थूलता आणि शाळेची घंटा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय ‘अष्टौनिन्दितीय’ या नावाने ओळखला जातो. अतिस्थूल व अतिकृश माणसांचा विचार त्यात आधी येतो आणि त्याच अध्यायात पुढे निद्रेचे विवेचन येते. ही जोडणी सहज घडलेली नाही. पुष्टी आणि कृशता दोन्ही निद्रेच्या अधीन आहेत, असे या ग्रंथाचे मत आहे. म्हणून स्थूलाला जागरण सांगितले आहे आणि कृशाला झोप. फार झोपणारा फुगतो, ही आपल्या घराघरांतली समजूत किती जुनी आहे, हे यावरून ध्यानात यावे. (मुलांना मात्र चरकाने दिवसाही झोपण्याची मुभा दिली आहे, हे सहसा कुणी सांगत नाही.)

मराठी वाङ्मयानेही झोपेकडे फारशा आदराने पाहिलेले नाही. रामदासांनी दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रेवर एक समास लिहिला, तो निद्रिस्तांच्या तऱ्हा टिपण्यासाठी. आपल्याकडे निजवणारी अंगाई आहे तशी उठवणारी भूपाळीही आहे. पण प्रतिष्ठा लाभली ती पहाटेला. लवकर उठणारे मूल गुणी आणि लोळत पडणारे आळशी, हा संस्कार शाळेने जसाच्या तसा उचलला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस, निदान मुलांपुरती, ही समजूत उलटली. फ्रान्समध्ये पाच वर्षांच्या मुलांच्या पाहणीत 1992 साली कमी झोप आणि स्थूलता यांचा संबंध नोंदला गेला. 2002 साली जर्मनीतील बव्हेरिया आणि जपानमधील तोयामा येथून तशाच नोंदी आल्या; तोयामात तर तीन वर्षांच्या वयातील झोप आणि पुढे प्राथमिक शाळेत जातानाचे वजन यांची सांगड घातली गेली. 2008 साली निरनिराळ्या देशांतील अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. कमी झोपणाऱ्या मुलांत स्थूलतेची शक्यता जवळजवळ दुपटीला पोचते, असे त्यात दिसले. कारणाचा धागा शिकागोतील 2004 सालच्या एका छोट्या प्रयोगात सापडतो. बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा तृप्तीची खूण देणारे लेप्टिन 18 टक्क्यांनी घटले आणि भूक चेतवणारे घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढले. चरकाने स्थूलाला सांगितलेले जागरणच इथे भूक वाढवताना दिसते.

तरी शंकेला जागा आहे. एकत्र आढळणे म्हणजे कारण असणे नव्हे. शिवाय मुलांच्या झोपेविषयी 1897 पासून शंभरेक वर्षांत दिलेल्या शिफारशी 2012 साली काही संशोधकांनी तपासल्या, तेव्हा एक गमतीची गोष्ट पुढे आली. मुलांची प्रत्यक्ष झोप प्रत्येक काळात शिफारशीपेक्षा सरासरी 37 मिनिटे कमीच भरत होती आणि काळाबरोबर शिफारसही खाली येत होती. प्रत्येक पिढीला आपली मुले अपुरी झोपतात असे वाटत आले आहे.

मला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: हा संबंध कुठल्या समाजांत दिसला? वर उल्लेखिलेल्या अभ्यासांतील मुलांचे ताट भरलेले होते. आता तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारकडे वळू. हे एकेकाळी पैलवानांचे गाव म्हणून ओळखले जाई. भरलेले शरीर हा तिथे मानाचा विषय होता. 1972 च्या दुष्काळाने हे चित्र मोडले. विहिरी आटल्या, डोंगर बोडके झाले आणि माणसे मुंबई-पुण्याच्या वाटेला लागली. वर्षाकाठी जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाच्या त्या मुलखात मुलाच्या शरीराविषयीचा प्रश्न एकच उरला होता, तो म्हणजे भूक. जिल्ह्याच्या पाथर्डी-शेवगाव भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले फडावर पहाटेच्या अंधारातच जागी होतात. झोप तीही गमावतात, पण त्या जागरणातून मेद साठत नाही. वाढलेली भूक भागवायला घरात काही असावे लागते. कमी झोपेने मूल स्थूल होते, हे विधान म्हणूनच सर्वकाळचा नियम नव्हे. ते इतिहासातील एका टप्प्याचे विधान आहे.

हिवरे बाजारने तो टप्पा एकाच पिढीत गाठला. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने सुरुवातीलाच शाळा हाती घेतली. पाणलोटाची मोठी कामे त्यानंतरची. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद आणि उसासारख्या पिकाला नकार, या वाटेने पाणी आले, दूध वाढले, गेलेली कुटुंबे परतली. 2020 साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली. भुकेचा प्रश्न मागे सरल्यावर झोपेचा प्रश्न तिथे पहिल्यांदा अर्थपूर्ण होतो.

त्यातही आपल्या शरीराचा एक जुना गुंता आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांत जो अभ्यास केला, त्यात तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा ती कितीतरी हलकी होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. ‘बारीक-लठ्ठ’ बाळ ही संज्ञा तिथून रूढ झाली. दुष्काळी पिढीच्या पोटी जन्मलेले मूल भरल्या घरात वाढू लागते, तेव्हा ते काट्यावर हलके असूनही निर्धास्त नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील महाराष्ट्राचे आकडे हेच दुहेरी चित्र दाखवतात. चौथ्या आणि पाचव्या फेरीच्या दरम्यान पाच वर्षांखालील खुरटलेल्या मुलांचे प्रमाण 35 टक्क्यांच्या आसपासच राहिले, अतिवजनाचे मात्र 1.9 वरून 4.1 टक्क्यांवर गेले.

डिसेंबर 2023 मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेकडे जाहीरपणे लक्ष वेधले. 8 फेब्रुवारी 2024 रोजी शासन निर्णय निघाला: पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. दोन पाळ्यांत चालणाऱ्या शहरी शाळा आणि त्यांचे बसचालक यांना तो जड गेला. खेड्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेला त्याचे फारसे अप्रूप नव्हते, कारण तिची घंटा एरवी दहाच्या सुमारासच होते; सकाळची शाळा तिथे शनिवारी असते, आणि उन्हाळ्यात, ऊन चढण्यापूर्वी मुलांना घरी पोचता यावे म्हणून.