पाणी किती फुटांवर?

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न ठरलेला, ‘पाणी किती फुटांवर?’ कोणते पाणी, हे सांगावे लागत नाही. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. शाळकरी पोरांनाही हे आकडे पाठ असतात. पाणी बघायला पंचगंगा घाटावर गर्दी होते. नृसिंहवाडीला पादुकांवरून वाहणारे पाणी दक्षिणद्वारातून बाहेर पडू लागले की स्नानासाठी झुंबड उडते. थोडक्यात काय, पूर आला म्हणून भिऊन जावे असा आपल्याकडचा स्वभाव नाही. या स्वभावाचे गुणही आपण पाहिले आणि त्याची किंमतही मोजली.

इथला पूर येतो भराभर आणि जातो मात्र रेंगाळत. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या सह्याद्रीच्या अतिपावसाच्या पट्ट्यातून उतरणाऱ्या नद्या. पाचवी सरस्वती, ती गुप्त. प्रयाग चिखलीच्या संगमापासून पुढे पंचगंगा. ही पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असेल तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगते. मग शिरोळ तालुक्यातली गावे दिवसेंदिवस पाण्यात राहतात. म्हणून आपल्याकडे पूरग्रस्तांची मदत म्हणजे एका रात्रीची खिचडी नव्हे. माणसे आठ-दहा दिवस शाळेच्या वर्गात राहणार, हे धरूनच चालावे लागते.

यात एक योगायोगही आहे. दुष्काळाने होरपळलेल्या संस्थानाला पाणी मिळावे म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. आज त्याच धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की नदीकाठची गावे सामान बांधू लागतात.

शहराने स्वतःपुरती एक रीत बसवली आहे. जयंती नाल्याचे पाणी फुगले की सुतारवाड्यातली कुटुंबे दसरा चौकातल्या चित्रदुर्ग मठात येतात. याच चौकाच्या परिसरात महाराजांच्या काळात वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. परक्याच्या पोराला निवारा देण्याची सवय या भागाला शंभर वर्षांची आहे. तालमी, तरुण मंडळे, घराघरांतून भाकरी गोळा करणाऱ्या बायका, ‘व्हाईट आर्मी’सारखे स्वयंसेवक, हे सगळे त्याच सवयीतले. कोणी आदेश काढावा लागत नाही.

पण खरी गोष्ट आहे ती चिखली आणि आंबेवाडीची. १९८९ च्या महापुरात ही गावे बुडाली. दरवर्षी माणसे काढत बसण्यापेक्षा गावेच वर हलवावीत असे ठरले आणि सोनतळीला उंचावर भूखंड दिले गेले. जागाही कशी, तर जिथे शाहू महाराजांचा कॅम्प होता. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या फासेपारध्यांना महाराजांनी आपल्या पदरी कामाला ठेवले, ते याच सोनतळीवर. विस्थापितांसाठी याहून योग्य जागा सापडली नसती.

तरीही गावे पूर्णपणे हलली नाहीत. भूखंडाच्या मालकीचे, कागदपत्रांचे घोळ वर्षानुवर्षे चालले. पण कागदच तेवढे कारणीभूत होते असे नाही. गाळाची काळी जमीन खाली, ऊस खाली, वैरण खाली. दावणीला चार म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. माणूस सोनतळीला झोपायला जाईल, पण पहाटे धारेला खाली यायचे आहेच. भूखंड मोजताना घर मोजले गेले, गोठा मोजला गेला नाही, असे मला वाटते.

याचा हिशेब २०१९ च्या ऑगस्टमध्ये झाला. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरचे बेट झाले. उपसा केंद्रे बुडाल्याने सगळीकडे पाणी आणि नळ कोरडे, अशी अवस्था. पेट्रोल अत्यावश्यक वाहनांसाठी राखून ठेवले गेले. जिल्ह्यात दोन लाखांहून अधिक माणसांना घर सोडावे लागले. एनडीआरएफ, लष्कर, नौदलाच्या बोटी आल्या. चिखलीत बोट दाराशी आली तरी कित्येकजण चढेनात. कारण एकच, ‘जनावरांचं काय?’ बोटीत म्हैस मावत नाही. शेवटी दावी कापून जनावरे सोडून द्यावी लागली. पाणी उतरल्यावर काय दिसले, ते गावोगावच्या लोकांना सांगायला नको. शेजारच्या सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला गावकऱ्यांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि माणसे बुडाली. बोटी वेळेत आणि पुरेशा असत्या तर, हा प्रश्न तिथे आजही विचारला जातो.

त्याच दिवसांत मोफत धान्यासाठी घर दोन दिवस पाण्यात असल्याची अट सरकारी आदेशात वाचायला मिळाली. लोक संतापले आणि तो संताप रास्तच होता. एक दिवस पाण्यात राहिलेल्या घराचे तांदूळ काय कोरडे राहतात? मग सानुग्रह अनुदान जाहीर झाले, ग्रामीण कुटुंबाला १० हजार, शहरी कुटुंबाला १५ हजार. शहरात भाडे जास्त, वस्तू महाग, असा विचार यामागे असावा. पण खेड्यात नुसती भांडीकुंडी जात नाहीत, दुभती म्हैस जाते, उभा ऊस कुजतो. त्यांची भरपाई वेगळ्या पंचनाम्यात, वेगळ्या रांगेत. अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेल्या माणसाला या रांगा एकापाठोपाठ एक कराव्या लागल्या.

दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत पुन्हा महापूर आला, महामार्ग पुन्हा बंद पडला. पण या वेळी एक फरक होता. पाणी दारात येण्याआधीच गावे हलू लागली आणि माणसांबरोबर जनावरेही निघाली. शिरोळकडे साखर कारखान्यांच्या आवारात माणसांची छावणी आणि शेजारी जनावरांची, वैरणीसह. गोठ्याची सोय आहे म्हटल्यावर म्हाताऱ्यांनीही फारसे आढेवेढे घेतले नाहीत. २०१९ ला बोटीवाल्यांनी हात जोडून जे जमले नाही, ते ओल्या वैरणीच्या चार पेंढ्यांनी जमवले.

२०२४ च्या जुलैत पंचगंगेने धोक्याची पातळी पुन्हा ओलांडली. पाणी ४३ फुटांकडे सरकू लागले तशी चिखलीची माणसे सोनतळीच्या रस्त्याला लागली. १९८९ नंतर मिळालेल्या भूखंडांवर आता बरीच घरे उभी आहेत. म्हशींची दावण मात्र अजून खालीच आहे.